खिडकी उघडी होती तोवर

आमच्या विद्यापीठातून दर वर्षी दीड-दोनशे पोरं परदेशी शिकायला जातात आणि परदेशातून आमच्याकडे शिकायला कुणीही येत नाही. याला कागदोपत्री ‘आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण’ म्हणतात. मी या देवाणघेवाण कक्षाची प्रमुख, म्हणजे निरोपाच्या समारंभात नारळ देणं हे माझं मुख्य काम. त्यामुळे इवा मोंतेरू नावाच्या मुलीचा अर्ज आला, आणि तिला सांगलीला येऊन मराठीसाठी खिडकी उघडायची आहे असं त्यात दिसलं, तेव्हा मला आधी वाटलं की अर्ज चुकून आमच्याकडे आलाय.

ही खिडकी म्हणजे काय ते सांगते. लहान मूल भाषा शिकत नाही, ती त्याच्या अंगात मुरते. त्या वयात मेंदूतले मज्जातंतूंचे सांधे सैल असतात आणि कानावर पडेल ते तिथे कोरलं जातं. पुढे दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत त्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. कोरलेलं पक्कं राहतं, पण नवीन कोरायला जागा उरत नाही. म्हणून तर मोठेपणी शिकलेल्या भाषेत आपण जन्मभर पाहुणे असतो. अर्धांगवायूच्या रोग्यांवर काम करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना ही जाळी काही महिने सैल करणारं औषध सापडलं. वाचा गेलेली माणसं बोलायला लागली. मग ते औषध विद्यापीठांच्या नजरेत भरलं. कानात बसणारी भाषांतराची यंत्रं तोवर स्वस्त झाली होती, पण यंत्र अर्थ सांगतं तोवर वर्गातलं हसू संपलेलं असतं. औषध घेतलेला विद्यार्थी मात्र सहा महिन्यांत तिथलाच होतो. त्यानंतर जाळी पुन्हा विणली जाते, ती आधीपेक्षा घट्ट, आणि दुसऱ्यांदा ती सैल होत नाही. आयुष्यात एक खिडकी. आमची पोरं ती इंग्रजीसाठी, जर्मनसाठी, डचसाठी उघडतात. मराठीसाठी उघडणारी पहिली इवा.

माहितीपत्रकात दोन गोष्टी ठळक अक्षरांत नसतात. एक म्हणजे, आजूबाजूची भाषा नुसती कानावर पडून काही होत नाही. तान्ह्या बाळाला टीव्हीसमोर ठेवलं तर ते बोलायला शिकत नाही; कुणीतरी त्याच्याकडे बघून, त्याच्याशीच बोलावं लागतं. खिडकीतही तसंच. दुसरी गोष्ट अशी की भाषा एकटी कोरली जात नाही. बोलणारं माणूस, त्याच्या घरातले वास, त्याचं रागावणं, सगळ्यासकट ‘हे आपलं’ अशी खूणही मेंदू करून ठेवतो. शास्त्रज्ञांना हे आकडेवारीतून कळलं. आयांना ते आधीच कळलं होतं.

अशा आयांपैकी एक पद्मावती चौगुले, म्हणजे वखारभागातल्या पद्माकाकू. यजमान हळदीचे व्यापारी होते, ते गेले. एकुलता एक मुलगा अभिनंदन आमच्या पहिल्या तुकडीत रॉटरडॅमला गेला, खिडकी डचसाठी उघडली, पाण्याचं इंजिनिअरिंग शिकला आणि तिथंच राहिला. निरोपाचा नारळ मीच दिला होता. इवाने अर्जात राहण्यासाठी काकूंचंच घर मागितलं होतं, कारण रॉटरडॅमला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ती अभिनंदनच्या शेजारच्या खोलीत राहायची.

पडद्यावर तिची मुलाखत घेताना मी विचारलं की बाई गं, मराठीच का? तिनं इंग्रजीत शांतपणे सांगितलं. तिचा जन्म लिस्बनचा. आई पूर अडवायच्या कामांवरची इंजिनिअर, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरची. वडील तिला आठवत नाहीत. आईच्या बदल्यांबरोबर ही सिंगापूर, नैरोबी, दुबई अशी सहा देश फिरली. भाषा चार येतात आणि चारही शाळेत शिकलेल्या. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात दर रविवारी अभिनंदनच्या आईचा फोन यायचा. तो फोन टेबलावर ठेवून आपली कामं करत राहायचा आणि तिकडून आवाज येत राहायचा, कधी विचारणारा, कधी चिडलेला, कधी नुसताच सांगणारा. इवाला एक शब्द कळत नव्हता. ती काहीतरी निमित्त काढून तिथं बसायची. “त्या आवाजाला कुणीतरी उत्तर द्यायला हवं असं मला वाटायचं,” ती म्हणाली.

मी लगेच अर्ज मंजूर केला. कक्षाच्या प्रमुखानं असं भावनेच्या भरात वागू नये, पण मी वागले.

जानेवारीच्या सुरुवातीला इवा आली. उंच, सावळी, दाट कुरळ्या केसांचा भारा, आणि समोरचा काय म्हणतोय ते डोळ्यांनीही ऐकायची सवय. मिरजेच्या इस्पितळात तीन इंजेक्शनं झाली आणि खिडकी उघडली. पुढच्याच आठवड्यात संक्रांत होती. त्या दिवशी अख्ख्या सांगलीनं तिच्या हातावर तिळगूळ ठेवून शुद्ध मराठीत ‘गोड बोला’ सांगितलं आणि पुढचं गोड बोलणं हिंदीत केलं.

मला हे कळलं मार्चअखेरीस, मधल्या चाचणीत. पुण्याहून परीक्षक आले होते. इवाची मराठी एखाद्या सहलीला आलेल्या बाईइतकी निघाली. ‘ळ’ ऐकू येत नव्हता, ‘पाणी’ आणि ‘बस’ यांच्यापुढे गाडी जात नव्हती. हिंदी मात्र अशी निघाली की परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मिरज स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले बोलतात तशी, सुरासकट, हेलासकट. मी तिला म्हटलं की हे काय झालं, तर ती म्हणाली, “मॅडम, मेरेकू क्या मालूम, सब मेरेसे ऐसाच बोलते.”

हसावं की रडावं कळेना. मी दोन दिवस तिच्या मागे मागे फिरले. भाजीवाली शेजारणीशी मराठीत भांडत होती. इवा समोर आली तशी तिनं तोंडावरचा भाव बदलला आणि म्हणाली, “क्या मंगता बेटी?” ग्रंथपालांनी इंग्रजी काढलं. आमच्या कुलगुरूंनी तर तिच्याबरोबर फोटो काढून मायमराठीच्या जागतिक भवितव्यावर तिला अर्धा तास इंग्रजीत समजावलं. यात कुणाची काही वाईट बुद्धी नव्हती. पाहुण्याला त्रास नको, एवढंच. आपल्या भाषेचा त्रास दुसऱ्याला होतो, हे आपल्याला कुणी शिकवलं देव जाणे, पण अगदी पक्कं शिकवलं.

मी तिच्यासाठी एक बिल्ला करून घेतला, ‘माझ्याशी मराठीत बोला’. लोक थांबून तो मोठ्यानं वाचायचे आणि कौतुकानं म्हणायचे, “अरे वा! बहुत अच्छा!” मी हात टेकले. एकच आशा उरली होती, ती काकूंच्या घराची. दिवसभर गावात काही होवो, घरी चार तास एक बाई तोंडाकडे बघून मराठी बोलली तर इतकी वाईट अवस्था होणार नाही. मग ती झाली कशी, हे बघायला मी दुसऱ्या दिवशी न सांगता वखारभागात गेले.

चौगुल्यांचं घर जैनांचं. दिवे लागायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून मी पाचालाच पोचले. इवा पाटावर बसून शेंगा फोडत होती आणि काकू गॅसपाशी. दारातूनच ऐकू आलं. “इवा, तुम थोडा शक्कर लेके आओ. वो डब्बे में है. नहीं, वो नहीं, वो लाल.” काकूंचं हिंदी टीव्हीवरच्या मालिकांतून आलेलं, त्यातही सासवांच्या तोंडचं. पण निश्चयानं बोलत होत्या, शब्द अडला तर थांबून शोधत होत्या. म्हणजे सवयीनं चुकून बोलत नव्हत्या.

इवाला मी साखर आणायच्या निमित्तानं दुकानात पाठवलं, डबा भरलेला असूनही. मग मी काकूंना म्हटलं की काकू, तुम्ही करारावर सही केलीत, घरात फक्त मराठी. मुलीची जन्माची एक संधी आहे, त्यातली अर्धी वाया गेली. तुम्हीसुद्धा गावासारखंच करायला लागलात?

काकूंनी गॅस बंद केला.

“आवटीबाई, गावाचं गावाला. गाव भोळसटपनानं बोलतंय. मी समजून-उमजून बोलतोय,” त्या म्हणाल्या. “तुमच्या इंजेक्शनानं भाषा येती, त्यात खोट न्हाई. पन भाषेमागनं मानूस जातंय. अभिनंदन दिवाळीला आल्ता. मला विचारतोय, आई, फ्रिज उघडू का? स्वतःच्या घरात. शर्टाला इस्त्री करून दिली तर धन्यवाद म्हणाला. मी काय दुकानदार हाय?”

मला वाटलं होतं की रविवारच्या फोनचं तरी त्यांना माहीत नसेल. पण त्याच पुढे म्हणाल्या, “फोन टेबलावर ठेवतोय, ते बी ठाव हाय मला. चमच्यांचा आवाज येतोय की. तरी मी बोलतो. न बोलून काय करू? वाईट न्हाई तो. लई चांगला हाय. शेजारच्या घरचा चांगला मुलगा असतोय, तसा चांगला हाय.” मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, “हिची बी आई असंल की कुठंतरी. हितं मी हिच्याशी मराठी बोलायचं, हिला हे घर आपलं वाटायला लागायचं, आनि तिकडं तिच्या आईला ही धन्यवाद म्हणनार. ते पाप मी करनार न्हाई. तुम्ही तिला दुसऱ्या घरी न्या.”

मी समजावलं. इवा एकवीस वर्षांची आहे, सज्ञान आहे, तिनं स्वतः सही केली आहे. काकू म्हणाल्या, “सही तिची हाय हो. पोरगी कुनाची हाय?” पालथ्या घड्यावर पाणी. दुसरं घर मी मनातल्या मनात शोधूनही पाहिलं, पण खरं सांगायचं तर काकूंच्या बोलण्यातलं मला काही खोडता येत नव्हतं. चार वर्षं मी नारळ देत आले आणि माघारी काय येतंय ते या बाईनं पाहिलं होतं.

साखर घेऊन इवा दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. सगळं कळलं नसणार, पण आपल्याला बाहेर काढायचं चाललंय एवढं तिला कळलं होतं. सहा देश सोडलेल्या माणसाला ते लवकर कळतं. ती खोलीत गेली आणि बॅग काढून त्यात कपडे घालायला लागली. चिडून नव्हे, शांतपणे, घड्या घालून, सराईतासारखी. रुसणं नाही, विचारणं नाही. काकू दारात उभं राहून ते बघत राहिल्या. मला वाटतं त्या घड्यांनीच त्यांचं मन पालटलं.

“थांब,” काकू मराठीत म्हणाल्या. इवानं वर पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हिच्या आईशी बैठक घाला. पोरगी द्यायची-घ्यायची म्हटल्यावर दोन्हीकडची मानसं समोरासमोर बसतात. ती व्हय म्हणाली तर मी बोलीन. न्हाई म्हणाली तर न्हाई.”

इवाची आई लिदिया त्या वेळी मोझांबिकच्या किनाऱ्यावर होती, बंदरातला गाळ काढणाऱ्या बोटीवर. मी तिला कळवलं की तुमच्या मुलीच्या यजमानबाईंना तुमच्याशी बोलायचंय. तिनं घाबरून विचारलं की मुलगी आजारी आहे का, की तिनं काही केलंय? मी म्हटलं की नाही, इथली एक पद्धत आहे. हे वाक्य मी आजवर फार वेळा वापरलं आहे, पण त्या दिवशी ते खरं होतं.

रविवारी दुपारी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर पडदा उभा केला. काकूंनी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं आणि पडद्यासमोर पोह्यांची बशी ठेवली होती, बैठकीला पाहुण्यांपुढे ठेवतात तशी. कानातलं भाषांतराचं यंत्र त्यांनी साफ नाकारलं. असल्या बोलण्यात मशीन नको म्हणाल्या. तेव्हा मध्यस्थ मी. इवा त्यांच्या शेजारी बसली होती, बघायला आलेल्या मुलीसारखी मान खाली घालून, आणि तिला ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

लिदिया पडद्यावर आली ती हेल्मेट घालूनच. मागं यंत्रांची घरघर चालू होती. आधी ती थोडी वैतागलेली होती. माझी मुलगी मोठी आहे, तिचे निर्णय ती घेते, मी तिला तसंच वाढवलंय, असं तिनं सांगितलं. काकूंनी ते माझ्याकडून ऐकून घेतलं, मान हलवली आणि मग सरळ विषयाला हात घातला.

“मी तुमच्या लेकीशी आमच्या भाषेत बोलायला लागलो, तर तिला हे घर आपलं वाटंल. तेवढं तुमचं कमी होईल. किती कमी होईल ते मला सांगता येत न्हाई. माझा एक असाच गेलाय, म्हणून विचारतो. चालंल का तुम्हाला?”

मी इंग्रजीत सांगितलं. शब्द जसेच्या तसे ठेवले, गोड केले नाहीत. लिदियानं हेल्मेट काढलं. मागं कुणीतरी तिला हाक मारली, तिनं हातानंच त्याला थोपवलं.

मग ती म्हणाली, “इवा सहा देशांत वाढली. एकही देश सोडताना ती रडली नाही. लोक म्हणायचे, किती समजूतदार मुलगी. मीही म्हणायचे. पण सहाव्या वेळेला मला भीती वाटली. माझ्या आईची भाषा मी हिच्याशी कधी बोलले नाही. तिचा काय उपयोग, असं वाटलं. बोटीवरच्या स्वयंपाक्याशी बोलते, इवाशी नाही. म्हणजे तुम्ही जे कमी होईल म्हणता, ते मी तिला दिलेलंच नाही.” तिनं डोळे पुसले, ग्रीस लागलेल्या हातानंच. “कुठंतरी ती रडावी इतकी रुजली, तर मला चालेल. तुम्ही बोला तिच्याशी.”

मला हे मराठीत सांगताना दोनदा थांबावं लागलं. सांगून झाल्यावर काकूंनी पडद्याला हात जोडले. लिदियाला काय करावं कळेना, तिनंही हात जोडले. काकू इवाकडे वळल्या आणि पहिलं वाक्य म्हणाल्या ते असं, “केस बांध आधी. पोह्यात पडायला लागल्यात.”

त्यानंतर जे झालं ते मी शास्त्रीय अहवालात लिहिलं आहे, पण तो वाचून कुणाला काही कळेलसं वाटत नाही. खिडकी जेमतेम तीन महिने उरली होती. काकू बोलत राहिल्या. शेंगा निवडताना, कपडे वाळत घालताना, मंदिरातून येताना. समजावून नाही, सावकाश नाही, जसं पोटच्या पोराशी बोलतात तसं, निम्मं रागावून. पंधरा दिवसांत इवाला ‘ळ’ ऐकू यायला लागला. महिन्याभरात ती चुकून हिंदी बोलणाऱ्या भाजीवालीला म्हणाली, “मावशी, मी काय दिल्लीस्नं आलोय व्हय? नीट सांगा की भाव.” भाजीवालीनं आ वासला आणि मग तिला भाव तर नीट सांगितलाच, वर कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. आणखी काही दिवसांनी ती काकूंशी भांडली. टेरेसवर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या हिनं उचलल्या नाहीत. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी काळजीनं इवाला विचारलं, तर ती म्हणाली, “बोलंल की ती. कुठं जातीया?” माझ्या सगळ्या चाचण्यांत इतका चांगला निकाल कधी आला नव्हता.

जूनअखेरीस पुण्याचे परीक्षक पुन्हा आले. इवा त्यांना म्हणाली, “बसा सर, मी पानी घेऊन येतो.” त्यांनी ‘येतो’बद्दल गुण कापले. आमच्याकडच्या बायका कृष्णेच्या दोन्ही काठांना पिढ्यानपिढ्या ‘येतो-जातो’च म्हणतात, हे मी त्यांना ज्या भाषेत सांगितलं ती अहवालात नाही. गुण परत मिळाले.

जुलैत तिला जावं लागलं, पदवीचं शेवटचं वर्ष तिकडं होतं. सकाळी गाडी दारात उभी. इवानं बॅग भरली होती, पण या वेळी ती नीट बंद होत नव्हती. भडंगाची पिशवी, मेतकुटाचा डबा, काकूंचं एक जुनं लुगडं. तिनं काकूंना वाकून नमस्कार केला आणि उठायचीच विसरली. तिथंच, पायांशी, ती रडायला लागली. हमसून हमसून, लहान मूल रडतं तसं. ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला. मीही. काकूंचे डोळे कोरडे होते. त्या तिच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “रड. तुझ्या आईनं सांगितलंय रडायला.”

पुढचं मला लिदियाकडून कळलं. दोन-तीन महिन्यांनी तिनं आपण होऊन फोन केला. आवाजात काहीतरी निराळं होतं. इवा रोज फोन करते म्हणाली, आधी महिन्यातून एकदा करायची. कुरकुर करते, थंडीबद्दल, जेवणाबद्दल, मी वेळेवर उत्तर देत नाही याबद्दल. आणि मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, आई, तू तुझ्या आईशी कुठल्या भाषेत भांडायचीस? ती भाषा मला शिकव. “तिची खिडकी बंद झालीय,” लिदिया म्हणाली. “उच्चार भयंकर आहेत. आम्ही दोघी फार हसतो. डिसेंबरात मी तिला बेटावर घेऊन जाणार आहे.” मग जरा थांबून म्हणाली, “त्या बाईंना सांगा, त्या म्हणाल्या होत्या तसं झालं नाही. कमी झालं नाही.”

हे काकूंना कसं सांगावं, याचा मी दोन दिवस विचार केला. चांगलीच बातमी होती, पण ज्या आईचं खरोखर कमी झालंय तिला ती सांगायची होती. त्यात शास्त्राचाही दिलासा नव्हता. इवाच्या मेंदूत आधीचं कुठलं घर कोरलेलंच नव्हतं, म्हणून नवं आलं तेव्हा कशाची जागा गेली नाही. एक घर कळलं आणि दुसरं शोधावंसं वाटलं. अभिनंदनचं तसं नव्हतं. शेवटी जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. काकूंनी ऐकलं. “बरं झालं,” म्हणाल्या. खरंच बरं वाटलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाल्या, “म्हंजे ती पोरगी आईच्या भाषेकडं गेली.” मी हो म्हटलं. “कुनीतरी जायाच लागतंय,” त्या म्हणाल्या आणि विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

परदेशी जाणाऱ्या पोरांना, तिकडं उतरल्यावर निभावण्यापुरतं, प्राथमिक डच मीच शिकवते. पुढच्या सोमवारी वर्गात गेले तर पहिल्या बाकावर काकू. वही, पेन, पाण्याची बाटली. मागं विशीतली पोरं आपापसात हसत होती. मी काकूंना बाहेर बोलावून जे खरं ते सांगितलं. या वयाला औषध देत नाहीत. औषधाशिवाय ती भाषा चौसष्टाव्या वर्षी अंगी लागायची नाही. डचमधला तो घशातला ‘ग’ तर जन्मात जमायचा नाही. तिथली माणसं ऐकून हसतील.

“हसू देत की,” काकू म्हणाल्या. “मला तिथली व्हायचं न्हाई. माझं प्वार तिथलं झालंय. त्याच्या घरी जायचं तर त्याच्या भाषेत हाक मारता तरी यायला पायजे.”

त्या रोज येतात. घसा खरवडून खरवडून तो ‘ग’ काढतात आणि खोकतात. पोरं आता हसत नाहीत, त्यांना पाणी देतात. पहिल्या महिन्यात नमस्कार, वार, रंग, भाज्यांची नावं झाली. परवा वर्ग संपल्यावर सगळे गेले तरी त्या बसून राहिल्या. उद्या रविवार, अभिनंदनला फोन लावायचा आहे, एकच वाक्य पाहिजे म्हणाल्या.

“जेवलास का, हे कसं विचारायचं?”

मी सांगितलं की वाक्य तयार होतं, व्याकरणात काही अडचण नाही. पण काकू, तिथं असं विचारत नाहीत. मोठ्या माणसाला तर नाहीच. ऐकून त्याला चमत्कारिक वाटेल.

काकूंनी वहीचं नवं पान उघडलं.

“कुनी विचारत न्हाई?” त्या म्हणाल्या. “मग इतकी वर्षं त्याला तिथं कुनीच विचारलं नसंल. सांगा तुम्ही, मी लिहून घेतो.”